प्रसिद्ध केलेलं मागे घेता आलं पाहिजे

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल हा हैतीयन छायाचित्रकार राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्येच होता. त्यानं टिपलेली विध्वंसाची छायाचित्रं त्याच संध्याकाळी ट्विटरवर टाकली. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका माणसानं ती उचलली आणि स्वतःची म्हणून पुन्हा टाकली. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेनं ती त्या दुसऱ्या माणसाच्या नावानं घेतली आणि गेटी इमेजेस या छायाचित्रं विकणाऱ्या कंपनीच्या मार्फत ती जगभरच्या वृत्तपत्रांपर्यंत गेली.

इथपर्यंतची गोष्ट घाईत झालेल्या चुकीची आहे. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. नाव चुकल्याचं लक्षात आल्यावर एएफपीनं मोरेलचं नाव देऊन दुरुस्ती पाठवली आणि नंतर छायाचित्रं मागे घेण्याची सूचनाही काढली. गेटीनं मोरेलच्या नावाखालची छायाचित्रं काढून टाकली. पण तीच छायाचित्रं आधीच्या चुकीच्या नावाखालीही संग्रहात होती. ती तशीच राहिली आणि ग्राहकांना मिळत राहिली. प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. ज्यूरीनं २०१३ मध्ये आठ छायाचित्रांच्या हक्कांचं जाणूनबुजून उल्लंघन झाल्याचा निर्णय दिला आणि भरपाई ठरली सुमारे १२ लाख डॉलर.

एकच छायाचित्र संग्रहात दोन नावांनी नोंदलं गेलं होतं आणि या दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत हे यंत्रणेला सांगता येत नव्हतं. छायाचित्रं सांभाळणं आणि विकणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही स्थिती होती. मग ज्या कंपनीचा मूळ धंदा औषधं, यंत्रं, कपडे किंवा विमा विकण्याचा आहे आणि छायाचित्रं, व्हिडिओ, माहितीपत्रकं ही ज्यांच्या कामाची बाजूची गोष्ट आहे, तिथे काय परिस्थिती असेल याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट, म्हणजे संस्थेची सगळी छायाचित्रं, चित्रफिती, बोधचिन्हं, डिझाइनच्या मूळ फाइली, माहितीपत्रकं एका मध्यवर्ती यंत्रणेत नोंदवून ठेवणं, या विषयावर बोलणारे बहुतेक लोक वेळेच्या बचतीपासून सुरुवात करतात. फाइल शोधण्यात तास जातात, यंत्रणा आली की ते वाचतात, वाचलेल्या तासांचे इतके पैसे होतात, असा हिशेब मांडला जातो. वेळ वाचतो हे खरंच आहे. पण मध्यवर्ती संग्रहाच्या बाजूनं देता येण्यासारखं ते सर्वांत दुबळं कारण आहे असं माझं मत आहे, आणि त्यावरच भर दिल्यामुळे या विषयाचं नुकसान झालं आहे. फाइल शोधायला लागणारी दहा मिनिटं कुणाही व्यवस्थापकाला सहन होण्यासारखी वाटतात. त्यामुळे तो खर्च पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि पुढच्या वर्षीही तेच होतं.

खरं कारण जबाबदारीचं आहे. संस्था आपल्या नावानं जे लोकांसमोर ठेवते त्याबद्दल तिला काही प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. हे कुणी केलं? वापरायचा हक्क आपल्याला कुणी दिला, कशासाठी आणि कधीपर्यंत? यात दिसणाऱ्या माणसाची संमती आहे का? ही शेवटची, मान्य झालेली आवृत्ती आहे का? हे आत्ता कुठे कुठे वापरलं गेलंय? आणि मागे घ्यायचं ठरलं तर आज संध्याकाळपर्यंत सगळीकडून काढता येईल का? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर ती संस्था नुसती अव्यवस्थित आहे असं म्हणून भागत नाही. ती दुसऱ्यांच्या हक्कांशी बेफिकिरीनं वागते आहे. म्हणून हा प्रश्न मला कार्यालयीन सोयीचा वाटत नाही, सार्वजनिक वाटतो.

बहुतेक ठिकाणचं चित्र सारखंच असतं. बोधचिन्हाची मूळ फाइल ज्या डिझायनरनं केली त्याच्या लॅपटॉपवर. जाहिरातीच्या चित्रफिती एजन्सीच्या ड्राइव्हवर. कार्यक्रमाचे फोटो छायाचित्रकारानं पाठवलेल्या एका लिंकमध्ये, आणि त्या लिंकची मुदत कधीच संपलेली. बाकी सगळं ईमेलच्या जोडपत्रांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांत. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच वापरा’. तरीही काम चालतं, कारण प्रत्येक गोष्ट कुठे आहे हे कुणाच्या तरी डोक्यात असतं. कुणीतरी हाक मारतं, कुणीतरी फाइल पाठवतं. ही पद्धत माणसांच्या स्मरणशक्तीवर आणि चांगुलपणावर उभी असते. तो माणूस नोकरी सोडून गेला, आजारी पडला, एजन्सीशी करार संपला, की संस्थेला आपलीच वस्तू परत विकत घ्यावी लागते किंवा नव्यानं करून घ्यावी लागते. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्या वस्तूमागचा करार, संमतीपत्र, अट, हे सगळंही त्याच्याबरोबर जातं. फोटो उरतो, त्याचा इतिहास उरत नाही.

यावर उपाय म्हणून अनेक कंपन्या एक मोठा सामाईक फोल्डर करतात आणि काम झालं असं समजतात. फोल्डर ही जागा आहे, नोंद नव्हे. मध्यवर्ती संग्रहात प्रत्येक वस्तूला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो. मूळ फाइल एकच. तिच्यापासून निघालेली लहान आकाराची, कापलेली, वेगळ्या भाषेतली रूपं त्याच नोंदीखाली येतात. फाइलच्या मजकुरावरून गणितानं काढलेला एक ठसा नोंदीत ठेवला जातो, त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या नावानं कुणी पुन्हा चढवली तर यंत्रणा लगेच ओळखते. आकार बदललेलं चित्र ओळखण्यासाठी चित्राच्या दिसण्यावरून काढलेले ठसे वापरतात. मोरेलच्या छायाचित्रांच्या बाबतीत नेमकी हीच जोडणी हवी होती. शिवाय नोंदीत हक्क, मुदत, कोणत्या देशात आणि कोणत्या माध्यमात वापरता येईल, संमतीपत्राची प्रत, आणि आजवर कुठे वापरलं गेलं हे सगळं असतं. संकेतस्थळावर किंवा दुकानाच्या पडद्यावर चित्र दाखवायचं असेल तर प्रत पाठवण्याऐवजी नोंदीकडे जाणारा दुवा दिला जातो. मूळ जागी बदल केला की तो सगळीकडे पोचतो.

या कामासाठी लागणारी भाषा नवी नाही. छायाचित्रासोबत निर्माता, छायाचित्राखालची ओळ, हक्कधारक, ठिकाण ही माहिती जोडून पाठवण्याचे मानक आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या संस्थेनं १९९० च्या दशकातच रूढ केले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यातून ‘डब्लिन कोअर’ ही वर्णनाची पद्धत आली. तिची मूळ घटकसूची अवघी पंधरा घटकांची आहे: शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, हक्क वगैरे. ॲडोबीनं २००१ मध्ये एक्सएमपी आणलं, ज्यामुळे ही माहिती फाइलच्या आतच लिहिता येऊ लागली, आणि २०१२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. म्हणजे साधनं गेली कित्येक वर्षं हाताशी आहेत. तरीही माहिती हरवते, कारण ती फाइलमध्ये लिहिलेली असली तरी वाटेत गळते. अनेक समाजमाध्यमं चित्र चढवताना त्यातली माहिती काढून टाकतात. मेसेजिंग ॲपमधून गेलेला फोटो लहान होऊन, बहुतेक वेळा कोरा होऊन पोचतो. म्हणून फाइलवर लिहिलेल्या माहितीवर विसंबून चालत नाही. तिची पक्की नोंद फाइलच्या बाहेर, संस्थेच्या ताब्यात असायला लागते.

आता संमतीचा मुद्दा. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या सातव्या कलमात एक साधं वाक्य आहे: संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही याच आशयाची तरतूद आहे. कागदावर हे वाचताना कुणालाच हरकत वाटत नाही. प्रत्यक्षात विचार करून पाहा. एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढू दिला. दोन वर्षांनी त्यानं नोकरी सोडली आणि कळवलं की माझा चेहरा आता वापरू नका. फोटो देताना त्याला एका कागदावर सही करावी लागली होती. तो मागे घेण्यासाठी कंपनीला काय काय करावं लागेल? संकेतस्थळ, छापील पत्रकाची पुढची आवृत्ती, विक्री विभागाच्या सादरीकरणाच्या फाइली, वितरकांना पाठवलेले संच, समाजमाध्यमांवरच्या जुन्या पोस्ट. फोटो कुठे कुठे गेला याची नोंदच नसेल तर कंपनी प्रामाणिकपणे ‘काढला’ असं म्हणूच शकत नाही. ती फार तर ‘आम्हाला सापडला तिथून काढला’ असं म्हणू शकते. कायद्यानं दिलेला हक्क आणि माणसाला प्रत्यक्षात मिळणारा हक्क यांच्यामध्ये संस्थेची नोंदवही उभी असते. ती नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

चेहऱ्याच्या बाबतीत जे खरं, ते सुरक्षिततेच्या माहितीबाबत अधिक गंभीरपणे खरं आहे. यंत्र कसं जोडायचं, औषध किती घ्यायचं, कोणत्या घटकाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही वस्तू टाळावी, हे सगळं आज पीडीएफ, चित्रं आणि छोट्या चित्रफितींच्या रूपात फिरतं. उत्पादनात बदल झाला की ते बदलावं लागतं. नवी फाइल तयार होते, संकेतस्थळावर चढते, आणि काम झालं असं वाटतं. पण जुनी फाइल वितरकाच्या संगणकावर असते, दुरुस्तीला जाणाऱ्या तंत्रज्ञाच्या फोनमध्ये असते, भाषांतर करणाऱ्या संस्थेच्या ड्राइव्हवर असते, आणि तिथून ती पुन्हा पुढे जाते. कोणाचाही हेतू वाईट नसताना चुकीची सूचना लोकांच्या हातात पडते. याला तोंड द्यायचं तर फाइल पाठवण्याची सवय मोडून दुवा देण्याची सवय लावावी लागते, जुन्या आवृत्तीवर मुदत घालावी लागते आणि ती कोणी कोणी उतरवून घेतली याची यादी हाताशी ठेवावी लागते, म्हणजे त्या सगळ्यांना कळवता येतं. हे काम कुणाच्या स्मरणशक्तीवर सोडणं मला अक्षम्य वाटतं.

परवान्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. विकत घेतलेलं छायाचित्र, जाहिरातीतलं संगीत, टंक (फॉन्ट), अभिनेत्याशी केलेला करार, या प्रत्येकाला काळाची किंवा वापराची मर्यादा असते. करार करणारा एक, चित्र वापरणारा दुसरा, आणि मुदत संपल्यावर नोटीस येते ती तिसऱ्याच्या टेबलावर. नोंदीत मुदत असेल आणि ती संपल्यावर चित्र आपोआप वापरातून बाहेर जात असेल, तर हा वाद उभाच राहत नाही.

केंद्रीकरणाच्या विरोधातला सर्वांत गंभीर आक्षेप नाशाचा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. सगळं एका जागी ठेवलं आणि ती जागाच गेली तर? १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना कुणाकडून तरी पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि चित्रपटाच्या फाइली पडद्यावरून एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. काम वाचलं ते गॅलिन सुसमन या पर्यवेक्षक तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत ठेवलेली होती. ही कथा नेहमी नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, तपासून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअपच नसतो. दुसरी, वाचवणारी प्रत केंद्राच्या बाहेर होती.

१ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली. तिथल्या एका इमारतीत युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपच्या मूळ ध्वनिमुद्रणांचा साठा होता. २०१९ मध्ये या नुकसानीची सविस्तर बातमी छापून आली तेव्हा कुठे जगाला त्याची व्याप्ती कळू लागली, आणि मग वाद सुरू झाला तो नेमकं काय जळलं यावर. वृत्तपत्राचा आकडा आणि कंपनीचा आकडा यांत प्रचंड अंतर होतं. आपलं गाणं त्यात होतं की नाही हे कलावंतांना अकरा वर्षांनंतर विचारावं लागलं. मायस्पेस या समाजमाध्यमानंही २०१९ मध्येच मान्य केलं की सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वी लोकांनी चढवलेलं बारा वर्षांचं संगीत गेलं. त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी नंतर इंटरनेट आर्काइव्हनं परत उपलब्ध करून दिली, कारण काही अभ्यासकांनी आपल्या संशोधनासाठी त्यांच्या प्रती आधीच उतरवून घेतल्या होत्या. आणि १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं, तेव्हा ‘क्लाउडवर आहे’ म्हणून निश्चिंत राहिलेल्या अनेकांना कळलं की क्लाउड म्हणजेही कुठल्यातरी इमारतीतलीच यंत्रं असतात.

या सगळ्या घटना केंद्रीकरणाच्या विरोधात जातात का? माझ्या मते नाही, पण त्या केंद्रीकरणाचा अर्थ नीट करून सांगतात. एका जागी यायला हवी ती नोंद आणि अधिकार. प्रती जितक्या पसरतील तितक्या चांगल्या, फक्त त्या कुठे आहेत हे नोंदीला माहीत असलं पाहिजे. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. विखुरलेल्या फोल्डरांच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की आमच्याकडे आपोआपच अनेक प्रती असतात. असतात खऱ्या, पण त्यातली कोणती पूर्ण, कोणती ताजी आणि कोणती वापरण्याजोगी हे कुणालाच सांगता येत नाही. युनिव्हर्सलच्या आगीत सर्वांत जास्त खटकतं ते हेच, की गमावलेल्याची बिनचूक यादीही हाती नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि अपयशाचा. तो बीबीसीच्या उदाहरणावरून उत्तम कळतो. २००८ मध्ये बीबीसीनं डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह नावाचा प्रकल्प हाती घेतला. चित्रीकरणापासून संग्रहापर्यंत सगळं टेपशिवाय व्हावं आणि प्रत्येक निर्मात्याला आपल्या टेबलावरून संग्रह पाहता यावा, अशी कल्पना होती. कल्पनेत काहीच चूक नव्हती. या कामासाठी सीमेन्स कंपनीशी केलेला करार २००९ मध्ये संपवला गेला, मग काम बीबीसीनं स्वतःकडे घेतलं, आणि मे २०१३ मध्ये महासंचालक टोनी हॉल यांनी प्रकल्प बंद केला. तोवर ९ कोटी ८४ लाख पौंड गेले होते. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीसमोर आलेल्या माहितीत मला सर्वांत बोलका वाटतो तो खर्चाचा आकडा नव्हेच. संग्रहाच्या नोंदींचा जो भाग तयार झाला होता तो नियमित वापरणारी माणसं होती १६३.

एवढ्या मोठ्या संस्थेत १६३. याचा अर्थ मी असा घेतो की रोज काम करणाऱ्यांना ते साधन आपलं वाटलं नाही. जुन्या पद्धतीपेक्षा नव्यात जास्त वेळ लागत असेल तर माणूस जुन्याकडेच परत जातो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मध्यवर्ती संग्रह ही तंत्रज्ञानाची खरेदी समजून केली की असंच होतं. बदलायची असते ती कामाची पद्धत. ज्या दिवशी फोटो काढला त्याच दिवशी, काढणाऱ्याकडूनच, चार ओळींची माहिती भरून घेतली जाते की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी बसून भरलेली माहिती अंदाजाची असते. आणि माहिती भरताना चाळीस रकाने समोर आले तर कुणीच भरत नाही. डब्लिन कोअर पंधरा घटकांवर थांबलं, आणि त्यातलाही कुठलाच सक्तीचा नव्हता, हे मला आजही शहाणपणाचं वाटतं.

म्हणून लहान व्यवसायांना मी म्हणेन की महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून थांबू नका. बोधचिन्ह, उत्पादनांची छायाचित्रं, सुरक्षिततेची पत्रकं आणि माणसांचे चेहरे असलेलं सगळं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. एक ठरलेली जागा, नाव देण्याचा एक नियम, निर्माता-हक्क-मुदत-संमती-वापर एवढे पाच रकाने असलेला तक्ता, आणि तो ताजा ठेवण्याची जबाबदारी असलेली एक व्यक्ती. दहा वर्षांचं जुनं सगळं आधी आत आणायचं असा हट्ट धरला की काम कधीच संपत नाही आणि उत्साह संपतो. आजपासून तयार होणारं नीट नोंदवायचं आणि जुन्यातलं जे पुन्हा वापरायला काढलं जाईल ते वापरण्याआधी नोंदवायचं. एवढं पुरेसं असतं.

कर्मचाऱ्यांची नाराजीही समजून घ्यायला हवी. ज्याच्याकडे फाइल, त्याच्याकडे विचारायला लोक येतात. ती फाइल सगळ्यांना मिळू लागली की त्याला आपली गरज कमी झाल्यासारखं वाटतं. डिझायनरला भीती असते की आपलं अर्धवट काम कुणीतरी उचलून छापेल. ही भीती रास्त आहे, आणि चालू काम आणि मान्य झालेलं काम यांच्यात यंत्रणेनंच स्पष्ट भिंत घातली पाहिजे. काही ठिकाणी केंद्र म्हणजे अडवणूक होते: परवानगीशिवाय साधं बोधचिन्हही मिळत नाही, परवानगी देणारा रजेवर असतो, आणि लोक पुन्हा जुन्या ईमेलमधून फाइल काढून वापरतात. असं केंद्र आपल्याच उद्देशाला हरवतं. मान्य झालेली वस्तू कुणालाही क्षणात मिळाली पाहिजे. बंधन हवं ते नोंदीशिवाय काही आत येण्यावर आणि हक्काशिवाय काही बाहेर जाण्यावर.

पण नोंदीमुळे ज्यांचा सर्वाधिक फायदा होतो त्यांच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. ते म्हणजे काम करणारे: छायाचित्रकार, चित्रकार, लेखक, निवेदक, भाषांतरकार. त्यातले बहुतेक कंत्राटावर येतात आणि जातात. त्यांचं काम संस्थेच्या नावानं वर्षानुवर्षं फिरतं. निर्मात्याचा रकाना रिकामा राहिला की पुढच्या वापराच्या वेळी मानधनाचा प्रश्नच उभा राहत नाही, कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नसतं. मोरेलकडे वकील होता आणि त्याचं प्रकरण जगानं पाहिलं. ज्यांची नावं कुठल्याच नोंदीत नाहीत ते न्यायालयापर्यंत पोचतही नाहीत. कंपनीनं स्वतःहून निर्मात्याचं नाव नोंदवणं आणि सांभाळणं याला मी सचोटीचा भाग मानतो, आणि त्यासाठी कायद्याच्या धाकाची वाट पाहू नये.

हे आजच इतकं तातडीचं का झालं? कारण आता यंत्रं चित्रं बनवू लागली आहेत. पूर्वी एका मोहिमेसाठी दहा चित्रं तयार व्हायची, आता त्याच वेळात शेकडो होतात, आणि त्यातलं कुठलं कॅमेऱ्यानं टिपलंय, कुठलं यंत्रानं केलंय, कुठल्या खऱ्या छायाचित्रावर यंत्रानं हात फिरवलाय, हे नुसतं पाहून कळत नाही. २०२१ मध्ये ॲडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी मिळून सीटूपीए ही संस्था काढली. चित्राचा उगम आणि त्यात झालेले बदल सही-शिक्क्यासह फाइलसोबत जावेत असं मानक ती तयार करते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कायद्यात यंत्रनिर्मित चित्र-ध्वनी तसे ओळखू यावेत अशी तरतूद आहे. पण बाहेरच्या जगाला उगम सांगायचा तर तो आधी आपल्याला माहीत असावा लागतो. ज्या संस्थेला आपलं छायाचित्र कुणी काढलं हे सांगता येत नाही, ती त्यात यंत्राचा हात कितपत आहे हे कशाच्या आधारावर सांगणार?

हे काम कोणाकडे द्यायचं यावर माझं मत ठाम आहे. ते आयटी विभागाकडे एकट्याकडे देऊ नये. सर्व्हर चालता ठेवणं त्यांचं, पण एका गोष्टीला सगळ्यांनी एकच नाव द्यावं, ‘मोटार’, ‘कार’ आणि ‘गाडी’ या तीन शब्दांखाली एकच वस्तू तीनदा पडू नये, कोणती फाइल कायम ठेवायची आणि कोणती काढून टाकायची, हे निर्णय ग्रंथपालाच्या विद्येचे आहेत. ग्रंथालयशास्त्र शिकलेली माणसं उपलब्ध असतात आणि कंपन्या त्यांना घेत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. वर्गीकरणाचा शतकभराचा अनुभव त्या शास्त्रात आहे.

आणि यंत्रणा विकत घेताना करारात एक कलम आधी वाचावं: आम्ही उद्या तुम्हाला सोडून जायचं ठरवलं तर मूळ फाइली आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्या नोंदी, टॅग, मुदती, संमतीपत्रं, वापराचा इतिहास, दुसरीकडे वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात परत मिळतील का, किती दिवसांत आणि किती पैशांत? नुसत्या फाइली परत मिळाल्या आणि नोंदी मागे राहिल्या तर संस्था पुन्हा पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच येते. विक्रेत्याकडून याचं लेखी उत्तर घ्यावं, आणि सही करण्यापूर्वी शंभर फाइलींवर ते करून दाखवायला सांगावं.